इथं पड, तिथं नको

उभ्या कोल्हारात पाऊस पडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसणारी बाई एकच, आणि ती नेमकी आमच्या घरात सून म्हणून आली. माझी धाकटी जाऊ. तिचा पाऊस इथला नव्हेच, सातासमुद्रापलीकडच्या एका डोंगराचा. तिथल्या रेडिओ दुर्बिणी दूरच्या दीर्घिका न्याहाळतात. ज्यांत तारे धडाधड जन्मतात, अशा दीर्घिकांमध्ये तारे घडवणारा वायू किती उरलाय, हे त्याच्या लहरींवरून मोजायचं, हा हिचा उद्योग. हवा दमट झाली की त्या लहरी वाटेतच जिरतात. म्हणून ही बया सकाळी चहा ठेवून मोबाईलवर डोंगराची हवा बघत बसणार, आणि चहा रोज उतू जाणार. एकदा कुरडया घालताना मी विचारलं, "आज ऊन राहील का गं?" म्हणाली, "एकदम कोरडं आहे, ताई." दुपारी सरीनं कुरडयांचा पुन्हा चीक झाला.

आमच्या सासऱ्यांशी, अण्णांशी, तिचं भारी मेतकूट. अण्णांनी विचारलं, "वायू संपल्याव काय व्हतं?" ती म्हणाली, "तारे व्हायचे थांबतात." "म्हंजे आपल्या हिरीवानीच. लई उपसली की बसली." हे तिनं वहीत लिहून घेतलं. "आन् ह्या लहरी निघाल्या कवा?" "कोट्यवधी वर्षांपूर्वी." "मग आजच बघायची घाई कसली?" "दुर्बिणीवर माझा नंबर आजच आहे ना, अण्णा."

तो नंबर वर्षभर अर्ज करून मिळालेला, आणि डोंगरावर ढग. दिवस गेला की पुन्हा अर्जापासून सुरुवात, पीएचडीचा प्रबंध लटकणार. पोरगी ताट पुढ्यात ठेवून मोबाईलच बघत बसली. इकडे पावसावाचून आमची बाजरी माना टाकत होती. अण्णांनी टोपी घातली, देवीच्या देवळात जाऊन नारळ फोडला आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, हितं पड, तिथं नगं." संध्याकाळी मेल आली, ढग हटले, काम झालं. तिनं मला मिठी मारली. इथं मात्र थेंब नाही. "अर्धं तरी ऐकलं आईनं," म्हणत अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले.

प्रबंध झाला, आणि दीर नि ती त्या डोंगराच्याच देशात राहायला गेली. मला अजून करमत नाही. यंदा बाजरी कमरेला लागली आहे. तरी सकाळी अण्णा आधी विचारतात, "तिकडं कोरडं हाय ना?" मी मोबाईल बघून हो म्हणते. आम्ही दोघं चहा घेतो. तो आता कधी उतू जात नाही.