तिघींचं पेपरवेट

काच पुसायची ती जुन्या मोज्यानं, रुमालानं नाही. कात्री कुणाला द्यायची नाही, मागितली तरी. चहा फ्रिजकडे पाठ करून प्यायचा, कारण दारावरचे आपलेच मॅग्नेट दिसले की त्यांतल्या चुकाच आधी डोळ्यांत भरतात. चित्र दाबताना जिभेचं टोक बाहेर. आणि धाकट्या बहिणीचा विषय निघाला की उठून पंखा वाढवायचा.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलीला हे सगळं पाठ झालं होतं. मावशी तिच्या घरमालकीण. जन्मभर लाँड्रीत इस्त्री केली आणि निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर काचकाम मांडलं. काचा एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. सपाट बाजूला पारदर्शक गोंदानं चित्र चिकटवायचं, मधून कडेकडे अंगठ्यानं दाबत हवा काढायची. लहान काचेमागे लोहचुंबक लावला की मॅग्नेट, मोठीमागे फेल्टचं जाड मऊ कापड लावलं की पेपरवेट.

"तू साहित्य वाच," कॉलेजात साहित्य शिकणाऱ्या मुलीला मावशी म्हणायच्या. "पानं उडायला लागली की माझ्याकडे ये."

एके दिवशी धाकटीचा फोन आला. आईच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघींचं वाजलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. आईचा एकुलता एक फोटो मावशींकडे होता. धाकटीला तो पेपरवेटमध्ये हवा होता. रविवारी न्यायला येते म्हणाली.

"आता बरी आई आठवली!" मावशींनी फोन ठेवला आणि पंखा वाढवला. मग फोटो घेऊन, धापा टाकत, मुलीच्या प्रिंटरवर प्रती काढायला वर आल्या.

पहिलं पेपरवेट वाया गेलं. प्रिंटरची शाई गोंदानं फुटते, म्हणून कागदाला आधी वार्निशचा हात द्यायचा आणि वाळू द्यायचं, हे त्या येईल त्याला बजावत. घाईत स्वतःच विसरल्या. आईचा चेहरा निळा पडला.

दुसऱ्यासाठी त्यांनी चित्र गोल कापलं. फोटोत आई मधोमध, दोन्हीकडे दोघी लेकी. पेपरवेटची नेहमीची काच तिघींना लहान. आई आणि धाकटी आत राहिल्या, मावशींना कात्रीनं बाहेर काढलं होतं.

"मावशी, तुम्ही कुठे गेलात?"

"तिला आई हवीय. मी नकोय."

"असं म्हणाल्या त्या?"

"म्हणायला कशाला हवं?"

"कपाटात याहून मोठी काच आहे की."

"ती विकायची आहे."

"मग मला विका."

"जीभ फार चालते गं तुझी," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कपाट उघडलं.

शुक्रवारी तिघी काचेखाली बसल्या. एकही बुडबुडा नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर मावशींनी पेन्सिलीनं लिहिलं: आई, मी, धाकटी. हिरवं फेल्ट बेतून कापलं, पण लावलं नाही.

"फोटो कुठे काढला ते लिहायचंय. मला आठवत नाही. आई तिच्याशीच जास्त बोलायची, तिला सांगितलं असेल. आली की विचारते, मग लावीन."

"फोन करा ना आत्ताच."

"इतक्या वर्षांनी येतेय. बोलायला काहीतरी नको का?"

शनिवारी मावशी उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या.

धाकटी रविवारऐवजी शनिवारीच आली. सगळं आटोपल्यावर स्वयंपाकघरात येऊन बसली. मुलीनं पेपरवेट तिच्या हातात दिलं. ती आधी आईकडे नाही, कडेला बघत होती.

"ही पण आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, स्वतःला कापून टाकेल. हट्टी मेली." शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि तिनं ओठ मिटून घेतले.

मुलीनं काच उलटी करून दाखवली. मावशींना काय विचारायचं होतं ते सांगितलं.

"मला कुठलं माहीत?" धाकटी म्हणाली. "मी विचारलं की आई म्हणायची, थोरलीला विचार."

पेन्सिलीच्या ओळीखाली जागा मोकळी होती. फेल्ट कुणीच लावलं नाही.