नवशीचा डावा हात

सूर्यमाळच्या पाड्यांवर लग्न ठरलं, की चौक लिहायला पहिलं बोलावणं नवशीला यायचं. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ती देवीचा चौक लिही आणि भोवती झाडं, बगळे, नाचणारी माणसं. तिची रेघ कधी पुसावी लागली नाही. पण साग तोडताना झाड अंगावर येऊन तिचा नवरा माघ्या गेला आणि बोलावणी थांबली. चौक सवाशिणीनेच लिहायचा, आणि नवशी आता सवाशीण नव्हती. वय असेल बावीस-तेवीस.

“दुसरं घर कर,” दीर भिका म्हणाला.

“घर आहे मना. काम नाय.”

मोखाड्याच्या बाजारात गौराबाई नावाची गोंदणारीण बसायची, घाटावरून यायची. नवशी तिच्यासमोर जाऊन बसली. सुया कशा बांधतात, काजळी कशात कालवतात, कातडं कसं ताणून धरतात, सगळं बघत राहिली. तिसऱ्या बाजाराला गौराबाई वैतागली.

“गोंदून घ्यायचंय का?”

“शिकायचंय.”

“माझ्या पोटावर पाय देतेस? ऊठ इथून!”

नवशी उठली. घरी येऊन बाभळीच्या काट्याने स्वतःच्या डाव्या दंडावर बगळा टोचला. बगळ्याची मान वाकडी आली. वर चार दिवसांत दंड सुजला, पू धरला, अंगात ताप भरला. माघ्याचा कोप झाला, अशी कुजबुज पाड्यावर सुरू झाली. भिका भगताला आणायला निघाला, तर ही तसाच हात घेऊन डोंगर उतरली आणि पुन्हा गौराबाईसमोर बसली.

गौराबाईने आधी शिव्या दिल्या, मग गरम पाण्याने दंड धुऊन वर हळद दाबली.

“काट्यानं गोंदलंस? बये, सुया घे. उकळून घे. आणि काजळी ताजी धर, शिळी नको.” मग दोऱ्याने बांधलेल्या तीन जुन्या सुया तिने नवशीच्या ओटीत टाकल्या. “पण मोखाड्यात बसायचं नाही. जव्हार गाठ.”

जव्हार संस्थानाचं गाव, तिथला बाजार मोठा. पण अनोळखी बाईपुढे हात कोण धरणार? पहिले पाच बाजार नवशी नुसती बसून परतली. रिकाम्या वेळात ती स्वतःलाच गोंदत राहिली. दंडावरून कोपर, कोपरावरून मनगट. खाली येता येता रेघ सरळ होत गेली. सहाव्या बाजाराला नागली विकायला आलेली लाडकी नावाची बाई थबकली.

“हा वरचा बगळा असा कसा गे?”

“तो पयला. चुकला. मनगटावरचा बघ.”

लाडकीने मनगट न्याहाळलं, पाटी खाली ठेवली आणि हात पुढे केला. पुढच्या बाजाराला ती दोन बहिणींना घेऊन आली.

दुसऱ्या गोंदणाऱ्या ठरलेले ठिपके टोचत. नवशी विचारी, “तुना काय पायजे?” कुणी माहेरचा ताड सांगे, कुणी जातं, कुणी मोर. डाव्या हातावर जागा उरली नाही तेव्हा तिने मांजरपाटाच्या फडक्यावर नमुने काढून ते पाठीमागे टांगलं.

त्या फडक्यापुढे एक दिवस शाळेचे मास्तर उभे राहिले. त्यांच्या पुस्तकात उंट होता, जहाज होतं. पाड्यांवरच्या पोरांनी दोन्ही पाहिलेली नव्हती.

“कागदावर काढशील? पोरांना ओळखू येईल असं, इथलं?”

“कागद कधी धरला नाय. द्या.”

बांबूच्या काडीने पहिले सहा कागद फाटले. मास्तर काही बोलण्याआधीच तिने सातवा मागितला. मग बोरू हाती आला आणि शाळेच्या ओसरीत बसून अकरा दिवसांत तिने भिंतभर लावायची चित्रं काढली. मास्तरांना वाघ जबडा पसरलेला हवा होता.

“वाघ तोंड उघडून चालत नाय, मास्तर. मी बघलाय.”

वाघ मिटल्या तोंडाचाच राहिला. पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गासाठीही बोलावणं आलं. तोवर नवशीने जव्हारात खोली घेतली होती. सकाळी गोंदण, दुपारी कागद.

भिका एकदा समजवायला आला. “बाजारात बसणं शोभतं का? घरी चल.”

नवशी सुया उकळत होती. तिने मान वर केली नाही. “बसा भाऊजी. दोघी थांबल्यात, त्यांचं झालं की भाकर टाकते. भाकर खाऊन जा.”

भिका जेवला आणि एकटाच सूर्यमाळला परतला.