तोल जाणारी बाई

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ॲन्सेल्मने क्लेमेंटीनच्या तोंडावर पितळी झाकण फेकून मारलं. तिचा पुढचा दात तुटला. शेजारी विचारायला आले तेव्हा तो म्हणाला, "मोरीत घसरली." तेव्हापासून क्लेमेंटीन घसरतच राहिली. विहिरीच्या काठावर घसरली, केळीच्या बागेत घसरली, जिन्यावरून घसरली. पोटुशी असताना घसरली आणि ते मूल गेलं, त्यानंतर दुसरं झालं नाही. क्लेमेंटीनचा तोल जातो हे अख्ख्या वटार गावाला ठाऊक होतं.

मी उर्सुला. मुंबईत शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावच्या घरी राहायला आले. आम्ही आपसात बोलतो ती बोली बाहेरच्याला कळायची नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं इथे शाळेतल्या मराठीत लिहिते. माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. ॲन्सेल्मबद्दल माझ्याकडून गोड लिहून होणार नाही.

हा माणूस दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. मुंबईच्या एका कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेला, कपड्यांना कडक इस्त्री, चर्चमध्ये पहिला बाक. बायबलमधलं वाचन करायला उभा राहिला की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. बायकोला मारायचा तोही पूर्ण शुद्धीवर. आधी खिडक्या लावून घ्यायचा, मग शर्टाच्या बाह्या दुमडायचा. घर आणि बाग क्लेमेंटीनच्या बापाची. हा नायगावहून इथे घरजावई म्हणून आलेला, आणि कुणी तसं नुसतं म्हटलं तरी त्याचा वचपा संध्याकाळी तिच्या पाठीवर निघायचा. हे सगळं तिनेच मला पुढे सांगितलं.

गेल्या वर्षी त्याने तिचा हात दाराच्या चौकटीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने दार लावलं. मनगट मोडलं. डॉक्टरने एक्स-रे पाहिला, आधीचे फोटो पाहिले आणि काळजीत पडला. "हाडं ठिसूळ झालीत. आता खुब्याचं हाड मोडलं तर या अंथरुणातून उठणार नाहीत. इतक्यांदा पडतात म्हणजे तोल सांभाळायचे व्यायाम करायलाच हवेत." ॲन्सेल्मने मान डोलावली. मनातून खूशच झाला असणार. बायको पडते यावर आता डॉक्टरांचा शिक्का बसला होता.

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये प्रिन्सी वयस्कांसाठी वर्ग घेते. गावातलीच मुलगी, फिजिओथेरपी शिकलेली. प्लास्टर निघाल्यावर ॲन्सेल्म स्वतः क्लेमेंटीनला स्कूटरवरून घेऊन आला. आम्हा सगळ्या बायकांना हात जोडून म्हणाला, "हिच्याकडे जरा लक्ष द्या. सारखी पडते." बाहेर जाताना त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती ताठ झाली. मला वाटलं, लाजली.

पहिले काही दिवस साधेच होते. एका पायावर उभं राहायचं, उलटं चालायचं, जमिनीवर बसून हात न टेकता उठायचं. क्लेमेंटीन निमूट करायची. मग प्रिन्सीने जोड्या लावल्या. एकीने दुसरीच्या खांद्याला धक्का द्यायचा आणि दुसरीने चटकन एक पाऊल टाकून सावरायचं. माझ्या वाट्याला क्लेमेंटीन आली. मी हात नुसता उचलला, लावलाही नव्हता, तोच ती खाली बसली. कोपरं डोक्यावर, गुडघे छातीशी, डोळे घट्ट मिटलेले. तिचे कपडे ओले झाले आणि फरशीवर ओघळ आला. आमच्यातली फ्लॉसी फडकं आणायला धावली.

प्रिन्सी तिच्याशेजारी फरशीवर बसली. "आंटी, पडणारं माणूस हात पुढे टाकतं. तुम्ही डोकं झाकलंत. कोण मारतं?"

क्लेमेंटीनने त्या दिवशी सांगितलं. मी तिथल्या तिथे पोलिसांत जाऊया म्हटलं, माझा संताप आवरत नव्हता. ती म्हणाली, "पोलीस त्याला समजावतील आणि घरी पाठवतील. मग खिडक्या बंद होतील. उर्सुला, मला अंथरुणाला खिळायची भीती वाटते. मग माझ्या तोंडात पाणी घालणारा तोच असेल. आधी मला पायावर उभं राहू दे."

तिचं म्हणणं मला पटलं नाही. पण मार तिच्या अंगावर पडत होता, माझ्या नाही.

मग ती जी कामाला लागली, तिच्यापुढे आम्ही सगळ्या आळशी दिसायला लागलो. पहाटे बागेत केळीच्या ओळींमधून उलटी चालायची. भांडी घासताना टाचा उचलायची. धक्क्याचा व्यायाम ती माझ्याकडून पुन्हापुन्हा करून घ्यायची. सुरुवातीला माझा हात दिसला की रडायची. पुढे रडत रडत पाऊल टाकायला लागली. एक दिवस मी सारा जोर लावून ढकललं आणि ती जागची फक्त वीतभर सरकली. माझ्याकडे बघून तोंडभर हसली, तुटक्या दातासकट. तिने व्यायामासाठी पांढरे बूट घेतले होते. ॲन्सेल्मने ते कोयत्याने चिरले आणि उंबऱ्यावर मांडून ठेवले. ती अनवाणी आली. प्रिन्सीने स्वतःचे बूट काढून कोपऱ्यात ठेवले, मग आम्हीही काढले.

त्या शनिवारी ती गॅसपुढे एका पायावर उभी राहून कालवण ढवळत होती. "कोंबडी झालीस का?" म्हणत त्याने मागून केळीला टेकू द्यायचा बांबू तिच्या पाठीत घातला. तिचा दुसरा पाय आपोआप खाली आला आणि ती उभी राहिली. त्याने पुन्हा मारलं. ती ओट्याला न धरता उभी. त्याने पोटऱ्यांवर मारलं, खांद्यावर मारलं, शिव्या देत, धापा टाकत मारलं. शेवटी बांबू चिरफाळला आणि तोच खुर्चीत बसला. ती मला नंतर म्हणाली, "इतके दिवस मी पडले की तो थांबायचा. मी पडल्याशिवाय त्याचं पोट भरत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं."

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, ख्रिस्तप्रसादाच्या आधी फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. मग आम्ही शेजारच्याकडे वळून हात जोडतो, नाहीतर हातात हात देतो. घरात भांडण झालेलं असलं तर या वेळी ते मिटवायचं अशी आमच्याकडे पद्धत. सासूने सुनेला शांती दिली की गाव समजतं, मिटलं. ॲन्सेल्म दर रविवारी बायकोला दोन्ही हातांनी शांती द्यायचा, सगळ्यांना दिसेल अशी. ती हात द्यायची आणि आदल्या दिवसाचा मार तिथे पुसला जायचा. पुन्हा तो विषय काढणार कोण?

मी बरोबर मागच्या बाकावर होते. ॲन्सेल्म वळला, हात पुढे केले. क्लेमेंटीनने हात खालीच ठेवले. तो हसत थांबला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. त्याने तिचं तेच मोडलेलं मनगट पकडलं, मुठीत आवळलं आणि हिसका दिला. तिने एक पाऊल मागे टाकलं, टाच रोवली आणि हात सोडवून घेतला. तो पुढे कोलमडला आणि त्याचं तोंड बाकाच्या कडेवर आदळलं. ओठ फाटला. उठला तेव्हा इस्त्रीच्या शर्टावर रक्त सांडत होतं, आणि आपण कुठे उभे आहोत हे तो विसरला. त्याने पूर्ण ताकदीने तिच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर.

क्लेमेंटीन जागची हलली नाही. तिच्या नाकातून रक्त आलं, ते तिने पुसलंही नाही. गाणाऱ्यांचं गाणं बंद पडलं. ती म्हणाली, "फादर, हा लग्नापासून मला असाच मारतो. माझं मूल यानेच मारलं. मी कधी घसरले नाही."

ॲन्सेल्मने तिसऱ्यांदा हात उचलला. गाण्याला पेटी वाजवणाऱ्या फेबियनने तो मागून धरला आणि त्याच्या कानाखाली अशी एक ठेवून दिली की तो दोन बाकांच्या मध्ये बसला. चर्चमध्ये असं करू नये, हे मला मान्य आहे. मला फार बरं वाटलं. फ्लॉसी क्लेमेंटीनला आतल्या खोलीत घेऊन गेली, पाठ बघितली आणि बाहेर येऊन भिंतीला धरून रडली. दुपारी आम्ही सगळ्या पोलिसांत गेलो. या वेळी कुणी कुणाला समजावून घरी पाठवलं नाही. अख्खं गाव साक्षीला होतं. केस चालू आहे. ॲन्सेल्म जामिनावर सुटून नायगावला भावाकडे राहतो. क्लेमेंटीनच्या बापाचं घर त्याला बंद झालं.

परवा फादर तिच्याकडे आले. मी तिथेच केळफूल निवडत होते. तिने त्यांना चहा दिला. फादर म्हणाले की ॲन्सेल्मला पश्चात्ताप झालाय, रडतो, नाताळ घरी करायचा म्हणतो, आणि निरोप पोचवणं आपलं काम आहे. फादर चांगला माणूस आहे, निरोप पोचवताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"माफ केलंय, फादर," क्लेमेंटीन म्हणाली. "घरात घेणार नाही."

फादर गेल्यावर ती कप उचलायला गेली तर तिचे हात थरथरत होते. कप बशीवर वाजत होता. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "घाबरू नकोस. आता तो येत नाही इथे."

"घाबरले नाही गं," ती म्हणाली. "मला राग आलाय. इतकी वर्षं मला रागावायचीही भीती वाटायची."