आधी रिपोर्ट, मत मागनं

प्रेम ही पाहण्याची नव्हे, अनुभवण्याची गोष्ट आहे. हे वाक्य मी कितीतरी पुस्तकांत वाचलं आहे, आणि साताऱ्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथपाल या नात्याने त्यांतली बरीच पुस्तकं जीर्ण म्हणून बादही केली आहेत. माझ्याशी लग्न करू पाहणाऱ्या माणसाने फोनवर मला पहिला जिव्हाळ्याचा प्रश्न विचारला, तो असा होता: “टेबल किती टक्के?”

हा माणूस म्हणजे गजानन लोंढे. सांगलीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मूळचे तासगावकडचे, घरी थोडा ऊस, थोरला भाऊ शेतीवर आणि धाकटा फौजेत, ही त्या घराची जुनी वाटणी. फौजेत लोंढ्यांनी बंदूक फारशी चालवली नाही. ते दुर्बिणी दुरुस्त करायचे. पेन्शन घेऊन आले आणि दुर्बिणीवरून चष्म्यावर उतरले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मिशी काळीभोर होती आणि ती रंगवलेली नाही, हे ते कुणी न विचारता सांगायचे.

ग्रंथपालांच्या एका शिबिरासाठी मी सांगलीला गेले होते. उद्घाटनाच्या सत्कारात गुच्छ घेताना माझा चष्मा पडला आणि प्रमुख पाहुण्यांनी त्यावर पाय दिला. समोरच्याच दुकानात लोंढे बसले होते. त्यांनी मला तक्त्यासमोर बसवलं. शेवटची ओळ पुसट दिसत होती, पण आयुष्य अक्षरांत गेलेलं. मी अदमासाने ती धडधडीत वाचून टाकली.

“मॅडम, तुमी वाचू नका,” लोंढे म्हणाले. “दिसतंय काय ते सांगा. अंदाज करून चष्मा केला तर पायरी चुकून पडाल. आधी रिपोर्ट, मत मागनं.”

फौजेत टेहळणीवर बसलेल्या शिपायाने काय दिसतं तेवढंच कळवायचं असतं, ते शत्रू आहेत की मेंढ्यांचा कळप हे वरचे ठरवतात. लोंढ्यांनी हा नियम फौजेबाहेर आणून सगळ्या जगाला लावला होता. गिऱ्हाईक म्हणालं, “डोकं लय दुखतंय, नंबर वाढला वाटतं,” की हे म्हणणार, “वाटतं ऱ्हाऊ दे, कुठं दुखतंय ते सांग.”

चष्म्याच्या निमित्ताने फोन सुरू झाले आणि चष्मा ठीक झाल्यावरही थांबले नाहीत. वर्षभराने त्यांनी सरळ विचारलं. मी बावन्न वर्षांची, अविवाहित, आणि नकार देण्याचा भरपूर सराव असलेली. तरी हो म्हटलं. मग ते म्हणाले, “एक हिऱ्याची अंगठी द्यायचीय. जन्मभर लोकांना काचा विकल्या. एकदा काच नसलेलं कायतरी देतो.”

सराफाच्या पेढीत जायला मात्र ते तयार नव्हते. “त्यांच्या छतातले दिवे बघितले का? त्याच्याखाली सोड्याच्या बाटलीचा तुकडाबी नाचंल.” म्हणून हिरा ऑनलाइन घ्यायचा ठरला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा फोन बारका होता, त्यामुळे सुरतेच्या एका व्यापाऱ्याच्या साइटवरचे हिरे मी वाचनालयाच्या संगणकावर बघायचे आणि संध्याकाळी फोनवर वर्णन करायचं. आमचे प्रियाराधनाचे दिवस हे असे गेले.

पहिल्याच दिवशी मी उत्साहाने सांगितलं, “प्रमाणपत्रावर ‘कट: एक्सलंट’ असं लिहिलंय.”

“त्ये मत झालं. एक्सलंट काय, आमच्या गल्लीत सगळीच पोरं हुशार हायती. आकडे सांगा.”

आकड्यांचा अर्थ त्यांनी मला काचेच्या भाषेत समजावला. गोल हिऱ्याचा वरचा सपाट पैलू म्हणजे टेबल. तो पूर्ण रुंदीच्या पंचावन्न-अठ्ठावन्न टक्के असावा. खोली साठ ते साडेबासष्टच्या आत. वरच्या उताराचा कोन साधारण साडेचौतीस अंश, खालच्या उताराचा पावणेएक्केचाळीसच्या आसपास; आणि खालचा सगळ्यांत महत्त्वाचा. “उजेड वरनं आत गेला, की वरनंच परत याया पायजे. खालचा कोन चुकला की खालनं गळून जातो. गळका माठ आणि गळका हिरा, दोन्ही दिसायला छानच असतंय.”

एकदा मी वजनाने मोठा आणि त्यामानाने स्वस्त हिरा शोधून काढला. खोली पासष्ट टक्के निघाली. लोंढे हसले. “सगळं वजन पोटात घातलंय गड्यानं. तोंड बारकं आणि ढेरी मोठी. असली माणसं तुमच्या सत्काराला येत्यात ना?” येतात, हे मला मान्य करावं लागलं.

आकडे जमले की व्हिडिओ. तो गरागरा फिरत असायचा. मी तो बरोबर समोरून थांबवायचा आणि रिपोर्ट द्यायचा. नीट कापलेल्या गोल हिऱ्यात समोरून सावलीचे आठ सारखे बाण दिसतात. सुरुवातीला मी म्हणे, “फार तेजस्वी आहे.” ते म्हणत, “तेज ऱ्हाऊ दे.” हळूहळू मला बोलता यायला लागलं: “मधून कडेकडे जाणारे आठ काळे बाण आहेत. सहा सारखे. दोन तुटक. टेबलाच्या आत एका बाजूला राखेसारखा फिकट डाग आहे, फिरवला तरी तो उजळत नाही.” पलीकडून समाधानाने आवाज येई, “हां! आता दिसाय लागलं तुमाला.” तीस वर्षं पुस्तकांत राहून मी जगाबद्दल पुष्कळ वाचलं होतं. बघण्याची शिकवणी इथे सुरू झाली.

पण हिरा काही पसंत होईना. एकाचा डाग, दुसऱ्याची कड जाड, तिसऱ्याचा बाण वाकडा. वहिनीने विचारलं, “वन्सं, लग्न करायचंय का प्रयोगशाळा काढायचीय त्यांना?” मी हसले, पण ऐकून घेतलं.

महिन्यातून एकदा आम्ही कराडला भेटायचो, कारण ते दोघांनाही साधारण मध्ये पडायचं. स्टँडजवळच्या एका हॉटेलात मी त्यांना एक हिरा वाचून दाखवला. टेबल छप्पन्न, खोली एकसष्ट पूर्णांक आठ, वरचा कोन साडेचौतीस, खालचा चाळीस पूर्णांक आठ. आठ बाण, सगळे सरळ. डाग नाही.

“नको,” लोंढे म्हणाले.

“का?”

“उगंच. आनखी बघू.” आणि चहाकडे हात नेताना त्यांच्या कोपराने शेजारचा पाण्याचा भरलेला पेला उलटा केला. मागच्या भेटीतही असंच झालं होतं. टेबलावरून पाणी त्यांच्या मांडीवर ओघळलं तेव्हा त्यांना कळलं.

मी चष्मा नीट केला. “लोंढे, रिपोर्ट देते. मिशी रंगवलेली आहे.”

“न्हाई वो!”

“मध्ये बोलू नका. उजव्या बाजूचा पेला तुम्हाला दिसला नाही. आत येताना दाराची चौकट खांद्याला लागली. फोन बारका नाही, माझ्याएवढाच आहे. चांगल्या हिऱ्याला तुम्ही नको म्हणालात, आणि तसं म्हणताना माझ्याकडे बघितलं नाहीत.”

ते बराच वेळ खिशातला रुमाल शोधत राहिले. मग म्हणाले, “काचबिंदू हाय. कडा गेल्यात. दुसऱ्याचे डोळे तपासत बसलो, माझं बघायचं ऱ्हायलं. गेलेलं परत येत न्हाई. मधलं हाय अजून, पन त्येबी कवा जाईल सांगता येत न्हाई. तुमी आंधळ्याची काठी हुन बसाल. म्हनून म्हटलं, हिरा गावंना तवर लग्नबी थांबंल. तुमी कंटाळाल, आणि दोष हिऱ्यावर जाईल.”

“झालं?”

“झालं. आता मत सांगा.”

“मत असं की तो हिरा मी सकाळीच मागवलाय. आवडला नाही तर तीस दिवसांत परत करता येतो. तुमच्या बाबतीत ती सोय नाही, हे मला माहीत आहे.”

लोंढे ओल्या मांडीवर रुमाल दाबत बसले. मग पोऱ्याऐवजी थेट गल्ल्यावरच्या मालकाला ओरडून त्यांनी सांगितलं, “आवं, दोन भजी आना! गरम!”

हिरा कुरिअरने साताऱ्याला आला. वहिनीने तो ताब्यात घेऊन तीन रात्री माझ्या उशीखाली ठेवला. हिरा लाभतो की नाही ते स्वप्नावरून कळतं म्हणे. मला कसलंच स्वप्न पडलं नाही. वहिनीने तो शुभशकुन मानला. लोंढ्यांना सांगितलं तर म्हणाले, “व्हय, घेनारी नीट झोपली, म्हंजे माल चांगला.”

दिव्याखाली बघायचं नाही, म्हणून लोंढे साताऱ्याला आले तेव्हा आम्ही तो आमच्या अंगणात, चिंचेच्या सावलीत कागदावर ठेवला. लोंढ्यांनी मान थोडी फिरवून तो बरोबर नजरेच्या मध्यावर आणला. चिमट्याने हळूच कलता केला, पुन्हा सरळ केला.

“आठ बाण,” ते म्हणाले. “सरळ. गळत न्हाई कुठं.” मत त्यांनी दिलं नाही. हिरा मात्र कागदासकट माझ्याकडे सरकवला.

लग्न झाल्यावर निवृत्ती घेऊन मी सांगलीला आले. कृष्णेच्या घाटावर फिरताना मी त्यांच्या उजव्या हाताला चालायचे आणि त्यांना कडा पुरवायचे: सायकल येतेय, मागे उसाची मोळी, पायरी तुटकी, पलीकडच्या बाईचा नवऱ्याशी अबोला दिसतोय. “अबोला मत हाय,” ते अडवत. “बरं. बाई चार पावलं पुढे चालतेय आणि पिशव्या नवऱ्याकडे आहेत.” “हां. अबोलाच हाय.” एका भव्य सत्कार समारंभाला मी कानात रिपोर्ट दिला, की मंचावर खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त आहेत, आणि शाल पांघरणारा शालीकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतोय. लोंढे इतक्या मोठ्याने हसले, की आम्हाला उठावं लागलं. त्यांना वाटायचं, मी त्यांच्यासाठी बघते. त्या वर्षांत मी जेवढं पाहिलं, तेवढं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते देणं माझ्याकडून फिटायचं नाही.

गेल्या वर्षी एके दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले असताना हृदयविकाराने ते गेले. शोकसभेत एका वक्त्यांनी सांगितलं, की दोन्ही डोळ्यांची ज्योत मालवल्यावरही अंधाराशी अखेरपर्यंत झुंजलेला हा सैनिक पत्नीच्या डोळ्यांनी जग पाहत होता. अनेकांनी डोळे पुसले. मीही पुसले.

ते गेले त्याच महिन्यात लोंढ्यांच्या डोळ्यांची नेहमीची तपासणी झाली होती. डॉक्टरांनी लिहिलं होतं: ‘मधली नजर शाबूत. चार वर्षांत बदल नाही. तेच थेंब चालू ठेवणे. सहा महिन्यांनी दाखवणे.’