पोलक्यातले पऱ्हे

नवेगाव बांधच्या प्रेमिलाबाईंचे डावे स्तन कॅन्सरपायी काढले, त्याला यंदा अकरा वर्षे झाली. आजार गेला तो परतला नाही. मागे राहिले ते एवढेच: काखेखालची बधिर कातडी, दिवस कलला की सुजणारा डावा हात आणि छातीवरची सपाट जागा. हाताला त्यांनी रात्री उशी दिली आणि सपाट जागेला पिशवी.

जुन्या लुगड्याची ती पिशवी पोलक्यात आतून बसायची. आधी कापूस भरला. वजन नाही, म्हणून पोलके वर सरकायचे. मग तांदूळ भरला. तो बेताचा बसला, पण त्याला सोंडे, ते बारके काळे किडे, लागत. ऑपरेशन गावाला ठाऊक होते. रिकामी बाजू मात्र नवऱ्याशिवाय, केवलरामशिवाय, कोणी पाहिली नव्हती. बायांनी पाहिली की कीव करतील आणि धानाच्या रोवणीच्या रांगेतून उठवून घरी बसवतील, ही धास्ती. आणि रोवणीशिवाय तर त्यांना करमत नसे.

यंदा सोंड्यांना कंटाळून त्यांनी पिशवीत तुसासकट धान भरले. रोवणीला चार दिवस झड लागली. पिशवी वाळेना, रोज ओलीच घालावी लागली. पाचव्या दिवशी छातीवर टोचू लागले. बाया बांधीतून, धानाच्या खाचरातून, वर येऊन बांधावर जेवायला बसल्या तेव्हा त्या मोहाच्या झाडाआड गेल्या आणि पिशवी बाहेर काढली. कापडातून पांढरे मोड डोकावत होते. पऱ्ह्यांसाठी, रोवायच्या रोपांसाठी, धान भिजवून, पोत्यात दाबून मोड आणण्यात जन्म गेला, आणि एवढे सुचू नये!

मागे शकुंतलाबाई उभ्या होत्या, रांगेतल्या त्यांच्या कायमच्या शेजारीण. त्यांनी पिशवी पाहिली, सपाट पोलके पाहिले.

"काऊन वो प्रेमिला," त्या म्हणाल्या, "आमचे पऱ्हे बांधीत, अन् तुये पोलक्यात?"

प्रेमिलाबाईंना हसू फुटले, ते आवरेना. शकुंतलाबाईंनी मोड निरखले. बीज चांगले आहे, असा शेरा दिला आणि म्हणाल्या, "चाल आता. तुयी जागा रिकामी पडून राहिली."

दुपारभर प्रेमिलाबाई पिशवीविना रोवत होत्या. वाकले की काही लोंबत नव्हते, सरकत नव्हते. ते मोड त्यांनी बांधीच्या कोपऱ्यात दाबले. बीज कायले वाया घालवायचे?

पिशवी आता लग्नकार्यातच निघते. पुन्हा तांदळाची. सोंडे लागले तरी चालतात.