कडेला न जुळलेली नदी

नकाशा कचेरीत त्यांना सगळे ‘शिवणवाल्या बाई’ म्हणत. सुईदोऱ्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मोजणीदारांनी डोंगरात टेबल मांडून त्यावर आखून आणलेली नकाशाची शीटं कडेला कड लावून जुळवायची, हे त्यांचं काम. एका शीटवर संपलेली नदी शेजारच्या शीटवर तिथूनच पुढे निघाली पाहिजे. विमानातून फोटो काढायचे दिवस अजून यायचे होते, त्यामुळे मोजणीदार दाखवेल तोच डोंगर.

यंदाची दोन शीटं बाईंनी कडेला कड लावली. एक नवऱ्याने मोजलेलं, दुसरं दादाने, आणि मधली नदी काही केल्या जुळेना. चांगली दोन बोटं फट. हे मेव्हणे-दाजी आधीच एकमेकांना पाण्यात पाहत.

“दाजींनी डुलक्या काढत मोजलं असेल,” दादा म्हणाला.

“तुझ्या दादाला डोंगर आणि वारूळ यातला फरक कळतो का?” नवऱ्याने घरी विचारलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

साहेब म्हणाले, “दोघांचं थोडं थोडं सरकवा आणि मोकळ्या व्हा.” बारीक फरक पेन्सिलीने वळवून घ्यायची मुभा होतीच. पण हा फरक बारीक नव्हता, आणि त्या निर्मनुष्य रानात वाट चुकलेला माणूस याच रेघेवर जीव सोपवणार होता. बाईंनी सगळे कोन पुन्हा मांडले. चूक नवऱ्याची निघाली. जोडशिखरांतलं मागचं समजून त्याने पुढचंच धरलं होतं.

अशा चुकीभोवती तांबड्या शाईने गोल करायचा, आणि मोजणीदाराने पुन्हा वर जायचं. नवरा तर या खेपेला काठी टेकत उतरला होता. बाईंना फार वाईट वाटलं. तरी त्यांनी गोल केला.

संध्याकाळी तो जेवला. मग गुडघा चोळत म्हणाला, “तांबड्या शाईने केलंस?”

“हो.”

“बरं केलंस. पेन्सिलीने भागवलं असतंस, तर वाटलं असतं, बायकोला आता माझी कीव येते.”

बाईंना रडू फुटलं. “या गुडघ्याने चढणार कसे तुम्ही?”

त्याने भिंतीला टेकवलेली काठी जवळ ओढली.

“तुझ्या दादाला विचार, बरोबर येतो का. म्हणावं, मोजणीचं टेबल आता माझ्या एकट्याच्याने उचलवत नाही.”