अकरा मखरं आणि एक गाळा

थर्माकोल कुठलाच भंगारवाला घेत नाही. वजन नाही आणि जागा मात्र भरपूर खातो. आमच्या कात्रपच्या सोसायटीतून तो नेणारी एकच बाई आहे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला थर्माकोल पोत्यांत भरून ती उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या गाळ्यावर देते. तिथलं मशीन तो वितळवून लाद्या करतं, लाद्यांच्या पुढे फोटोफ्रेम होतात. शेठची अट साधी: माल पांढरा आणि कोरडा हवा.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथला पॅकिंगचा आणि सोसायटीचा थर्माकोल एकाच फेरीत पाठवायचा, असं मी ठरवलं. यादी केली, टेम्पो सांगितला, सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला.

तर माळ्यांवरून मखरं खाली यायला लागली. थर्माकोलवर बंदी आल्यापासून ती तशीच पडून होती. ज्यात गणपती बसला ते कचऱ्यात कोण टाकणार? खांब, महिरपी, एक अख्खा मोर. सगळं सोनेरी रंग, चमकी, टाचण्यांसकट. मी यादीत 'मखरं: अकरा' लिहिलं आणि तुकडे करून पोत्यांत भरले. बाई त्या दिवशी चामटोलीला लग्नाला गेली होती. तिला विचारायला मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी गाळ्यावर गेलो. शेठने पहिलंच पोतं उघडलं.

"ये क्या, भगवान का घर उठा के लाई?" मग बाईकडे वळून मराठीत, "चमकीने मशीन बसतं माझं. सगळं परत ने. पुन्हा असं आणलंस तर तुझा माल बंद."

दुसरा घेणारा तिला माहीत नव्हता.

"चूक माझी आहे, शेठ," मी म्हणाले.

"असेल मॅडम. माल तर तिचा आहे ना."

ती वाद घालत बसली नाही. "संध्याकाळपर्यंत बाहेर बसू द्या," म्हणाली.

तिने खाली ओली चादर अंथरली, म्हणजे भुगा चिकटून बसतो, उडत नाही. पिशवीतून हॅक्सॉची दोन पाती आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं. चुंबक फिरवलं की टाचण्यांचा पत्ता लागायचा. स्प्रेच्या रंगाने खाल्लेला मोर तिने पातं न लावताच बाजूला टाकला. जाड खांब मात्र सोडले नाहीत, पात्याने त्यांचा वरचा सोनेरी थर सोलायला घेतला. मीही सोलायला बसले, पण घाईने खोल कापत होते.

"काकडीचं साल काढताय की काकडी टाकताय?" ती म्हणाली. थोड्या वेळाने, "आणि टाचण्या किती लिहिल्यात यादीत?"

माझा एक खांब होईपर्यंत तिचे चार व्हायचे, आणि तिच्या खांबांवर सोनेरी ठिपका उरत नव्हता.

दिवेलागणीच्या आधी शेठ आला. त्याने तीन पोती स्वतः निवडली, प्रत्येकातला एक तुकडा मोडून उजेडात धरला, आणि मग माल मशीनमध्ये टाकायला सांगितला. मशीन चालत राहिलं.

"गुरुवारी ये," तो तिला म्हणाला.

चमकीच्या सालांची दोन पोती उरली. ती उचलायला बाई वाकली, तेव्हा मी तिला थांबवलं आणि दोन्ही पोती माझ्या टेम्पोत चढवली.